बुळकांडी गेली ती कशी?

माणसाने जगातून कायमचे घालवलेले रोग किती, हा प्रश्न मी वर्गात हमखास विचारायची. तेव्हा उत्तर एकच होतं, देवी. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने देवी संपल्याचं जाहीर केलं आणि आमच्या पिढीच्या दंडावरच्या खुणा इतिहासजमा झाल्या. मी निवृत्त झाल्यानंतर, २०११ साली, त्या उत्तरात आणखी एका नावाची भर पडली. पण ते नाव विचारलं तर आजही बरेच जण गप्प बसतील. कारण तो रोग माणसांचा नव्हता, गुरांचा होता. मराठीत बुळकांडी, पुस्तकांत रिंडरपेस्ट.

माझ्या पुतणीचा मुलगा शिरवळला पशुवैद्यकीचं शिकतो. दिवाळीत आला तेव्हा सहज विचारलं, "बुळकांडी शिकवतात का रे तुम्हाला?" तर म्हणाला, "शिकवतात की आजी, पण आमच्या सरांनीसुद्धा ती कधी पाहिलेली नाही." हे वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसलं. एखादा रोग शिकवणाऱ्यालाही पाहायला मिळू नये, यापेक्षा वैद्यकाचं मोठं यश कोणतं? त्यानंतर जमेल तसं वाचत गेले. लेख लांबला आहे मंडळी, सवडीने वाचा.

नावातच रोगाचं रूप आहे. आधी जोराचा ताप, मग डोळ्यांतून आणि नाकातून घळाघळा पाणी, तोंडात चट्टे आणि फोड. जनावर रवंथ थांबवतं, चारा हुंगून सोडून देतं. आणि मग ते घाण वासाचे, पाण्यासारखे जुलाब. अंगातलं पाणी संपलं की सहा ते बारा दिवसांत खेळ आटोपतो. गाई, बैल, म्हशी हे तिचे मुख्य बळी, पण शेळ्या-मेंढ्या, डुकरं आणि रानातले गवेही तिच्या तावडीतून सुटत नसत. रोगाची ओळख नसलेल्या मुलखात ती शिरली तर शंभरातली ऐंशी-नव्वद जनावरं नेत असे. आपल्या सपाटीवरच्या देशी गुरांत थोडी सहनशक्ती होती, म्हणून इथे कमी मरत. कमी म्हणजे किती, ते ज्याच्या दावणीला मरत त्याला विचारावं!

आमच्या आजीच्या कालगणनेत सन नव्हते. प्लेगाचं साल, मोठ्या पुराचं साल, तसं एक बुळकांडीचं साल होतं. "तेव्हा तुझा बाप रांगत होता," एवढाच त्याचा पत्ता. म्हणजे १९२५ च्या आसपास. आमचं गाव माण तालुक्यातलं, पाऊस बेताचा, सगळी भिस्त रब्बीच्या ज्वारीवर. बेंदराला ज्या खिलार जोडीच्या शिंगांना हिंगूळ लावला ती जोडी श्रावण संपायच्या आत गेली, असं आजी सांगायची. शेजारच्या तिन्ही गोठ्यांत तीच गत. एरवी एखाद्याचा बैल गेला तर सावडीने काम निघायचं. तू माझं रान पेर, मी तुझं पेरतो. पण सावड घालायला स्वतःजवळ निदान एक बैल तरी हवा ना? त्या साली गावात सावड मोडली. आजोबांनी पेरणीसाठी बाहेरगावची जोडी भाड्याने आणली, त्यासाठी ओढ्याकाठचा तुकडा गहाण पडला, तो पुन्हा आमच्याकडे आलाच नाही. तिथे आता दुसऱ्यांची डाळिंबं आहेत. चांगली आहेत हो, मी पाहिली.

रोग कशाने येतो हे ठाऊक नसताना लोकांनी काय करावं? मरीआईचा गाडा सजवायचा, नैवेद्य दाखवायचा आणि वाजत गाजत शिवेपलीकडे नेऊन सोडायचा. मग पुढच्या गावाने तो आपल्या शिवेपार न्यायचा. यावर हसणं सोपं आहे. पण साथ एका गावातून दुसऱ्या गावात सरकते, एवढं निरीक्षण त्या रिवाजामागे होतं. चूक इतकीच की शेजारच्या शिवेत ढकललेली साथ संपत नाही. हे कळायला मोठमोठ्या सरकारांनाही फार वेळ लागला.

याहून वाईट असं एक प्रकरण वाचनात आलं. एकोणिसाव्या शतकात उत्तर हिंदुस्थानात ढोरं पटापट मरायला लागली की संशय चांभार समाजावर जायचा. मेलेल्या ढोराचं कातडं त्यांच्याकडे जातं, तेव्हा त्यांनीच सोमल चारला असणार, असा तर्क. इंग्रज अधिकाऱ्यांनी तो खुशाल मान्य केला, खटले भरले, शिक्षा केल्या. विषाचे काही खरे प्रकार असतीलही. पण साथीने मेलेल्या कितीतरी जनावरांचं पाप त्या गरिबांच्या माथी बसलं. रोगाचं निदान नसलं की माणूस गुन्हेगार शोधतो.

सरकारला जाग आली ती १८६९ साली. मुंबईच्या लष्करातले पशुवैद्य हॅलन यांच्या प्रमुखत्वाखाली गुरांच्या साथींची चौकशी करायला एक समिती नेमली गेली, १८७१ मध्ये तिचा अहवाल आला. युरोपात जिने हाहाकार केला तीच रिंडरपेस्ट हिंदुस्थानात आहे, हे त्यातून नक्की झालं. युरोपाला ही बया चांगलीच परिचित होती. १७११ च्या सुमाराला ती इटलीत पसरली तेव्हा पोपचे वैद्य लान्चिसी यांनी आजारी जनावर मारा, चुन्यात पुरा, गुरांची ये-जा बंद करा, असे कडक नियम सांगितले. पुढे १७६२ साली फ्रान्समध्ये लियोंला जगातलं पहिलं पशुवैद्यक विद्यालय निघालं, त्यामागेही गुरांच्या साथींची धास्ती होती.

आता पुण्याच्या वाचकांसाठी एक गंमत. हिंदुस्थानातली जनावरांच्या रोगांची पहिली मोठी सरकारी प्रयोगशाळा कुठे निघाली? पुण्यात! ९ डिसेंबर १८८९ रोजी, कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आपल्या इंजिनीअरिंग कॉलेजात. आल्फ्रेड लिंगार्ड हे तिचे प्रमुख. पण इतक्या घातक जंतूंशी भरवस्तीत खेळणं धोक्याचं म्हणून १८९३ मध्ये ती उचलून कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला नेली. तीच आजची भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था. १८९७ साली क्षयाचे जंतू शोधणारे रॉबर्ट कॉख तिथे येऊन गेले. ते दक्षिण आफ्रिकेतून बुळकांडीवरच काम करून आले होते.

आफ्रिकेची कहाणी तर काळीज हलवणारी आहे. १८८७ च्या सुमाराला इटालियन फौजेसाठी आजच्या एरिट्रियातल्या मसावा बंदरात गुरं उतरवली. ती हिंदुस्थानातून नेली होती असं सांगतात. त्या खंडाला हा रोग ठाऊकच नव्हता. दहा वर्षांत तो पार दक्षिण टोकापर्यंत पोचला. गुरांवर जगणाऱ्या जमातींकडे गुरंच उरली नाहीत. इथिओपियात नांगराला बैल नव्हता, त्यात अवर्षण आणि टोळधाड. १८८८ ते १८९२ च्या दुष्काळात लोकसंख्येचा तिसरा हिस्सा गेला असा अंदाज आहे. रोग गुरांचा, पण मेली माणसं. आमच्या गावात एक तुकडा गहाण पडला, तिथे देशच्या देश मोडून पडले.

आणखी एकदा आपली गुरं निमित्त झाली. १९२० मध्ये हिंदुस्थानातून ब्राझीलला निघालेले वशिंडाचे बैल बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात थांबले आणि बेल्जियममध्ये बुळकांडी उसळली. त्या धक्क्यातून १९२४ साली पॅरिसला २८ देशांनी मिळून जनावरांच्या रोगांची आंतरराष्ट्रीय संस्था काढली. संयुक्त राष्ट्रसंघाच्याही आधीची ही संस्था, आणि तिच्या जन्माला कारण आपले वशिंडवाले!

तर पुन्हा मुक्तेश्वर. सुरुवातीचा उपाय म्हणजे रोगातून बऱ्या झालेल्या जनावराच्या रक्ताचा सीरम टोचणं. त्याने थोडेच दिवस संरक्षण मिळे. मग सीरमबरोबरच जिवंत विषाणूचं रक्त टोचायची पद्धत आली. तिने जन्माची प्रतिकारशक्ती येई, पण खर्च भारी, आणि त्या रक्तातून दुसरेच रोग शिरण्याची भीती. १९२० च्या दशकात जे. टी. एडवर्ड्स यांनी हा विषाणू एका शेळीतून दुसऱ्या शेळीत असा शेकडो वेळा नेला. असं करता करता त्याचा गाईबैलांना मारण्याचा जोर कमी झाला, संरक्षण द्यायचा गुण मात्र राहिला. हीच ती शेळीवर वाढवलेली लस. ती नुसती, सीरमशिवाय, उघड्या रानातल्या गुरांना टोचून पाहण्याचं धाडस मध्य प्रांतात स्टर्लिंग यांनी १९३० नंतर केलं. मध्य प्रांत म्हणजे आपला विदर्भही त्यात आला. आमच्या आजोबांचे बैल मेले तेव्हा एडवर्ड्स आपल्या शेळ्यांवर प्रयोग करत होते, हे वाचून मी थोडा वेळ पुस्तक मिटून ठेवलं. थोड्याच वर्षांचं अंतर!

स्वातंत्र्यानंतर १९५४ साली राष्ट्रीय बुळकांडी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. आधी दक्षिणेत, मग दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत देशभर. पाच वर्षांत ऐंशी टक्के गुरांना लस टोचायची, मग उरलेल्यांना आणि नव्या वासरांना, असा हिशोब होता. गोठवून वाळवलेली लस तोवर आली होती, त्यामुळे ती लांबच्या गावी नेता येऊ लागली. मी तेव्हा लहान होते. गुरांचा डॉक्टर आला की चावडीपुढे खोडा मांडायचे आणि गावभरची गुरं दोऱ्या ताणत उभी असायची. आजी मात्र घरातली सगळी गुरं पहिल्या रांगेत उभी करायची. लसीने बैल दोन दिवस मलूल होतो म्हणून कुरकुरणारे होते. तिने त्यांना कधी दाद दिली नाही.

पहिल्या दहा-बारा वर्षांत फार मोठं काम झालं. वर्षाला हजारोंनी नोंदल्या जाणाऱ्या साथी शेकड्यांवर आल्या. आणि मग गाडं तिथेच रुतलं. सत्तरचं दशक गेलं, ऐंशीचं आलं, टोचणं चालूच, बुळकांडीही चालूच. दरम्यान केनियात वॉल्टर प्लाउराइट यांनी पेशींवर वाढवलेली, अत्यंत निर्धोक लस १९६० च्या सुमाराला तयार केली. जर्सी, होल्स्टीनच्या संकरित गाईंना शेळीवाली लस सोसत नसे, त्यांना ही चाले. म्हणजे लस उत्तम, डॉक्टर आहेत, पैसा आहे. मग अडलं कुठे?

मला या सगळ्या इतिहासातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. लस टोचली याचे आकडे वर जात होते. रोग नेमका कुठे राहतोय हे मात्र कोणी विचारत नव्हतं. दरवर्षी लाखो नवी वासरं जन्मतात, ती उघडीच असतात. बैलांचे व्यापारी बाजारामागून बाजार करत फिरतात, कत्तलीची जनावरं राज्यं ओलांडतात, आणि रोग त्यांच्याबरोबर चालतो. अर्धवट टोचलेल्या कळपात तो मरत नाही, दबून राहतो. शिवाय दक्षिणेत शेळ्या-मेंढ्यांतही बुळकांडी दिसत असे, त्यांना कोण टोचणार? १९८७ साली श्रीलंकेत बुळकांडी परत उसळली. तो देश चार दशकं मोकळा होता. आपल्या शांतिसेनेसाठी नेलेल्या बकऱ्यांबरोबर ती गेली असं मानतात. त्याच वर्षी तमिळनाडूत शेळ्या-मेंढ्यांमध्ये पीपीआर नावाचा वेगळाच रोग आढळला. हा बुळकांडीचा चुलतभाऊ, दिसायला अगदी तसाच. आपल्याकडे आजही शेळीच्या पीपीआरला कित्येक जण बुळकांडीच म्हणतात.

१९९२ पासून युरोपीय समुदायाच्या मदतीने नवी योजना आली आणि दृष्टीच बदलली. देशाचे विभाग पाडले. जिथे रोग नाही तिथे सरसकट टोचणं थांबवत जायचं, जिथे रोगाचं मूळ आहे त्या दक्षिणेत नेटाने टोचायचं. आणि शोधायचं. गावोगाव, बाजारोबाजारी, गुरांच्या वाटांवर माणसं जाऊन एकच विचारत, कुणाचं जनावर तोंडाला आलं आहे का, जुलाब होताहेत का? हे काम टोचण्याहून अवघड. कारण शेतकऱ्याने खरं सांगायला हवं. बाजार बंद होईल, गाव बदनाम होईल, या भीतीने तो लपवणारच. ज्याने त्याला बोलतं केलं त्या अनाम पशुधन पर्यवेक्षकाचं नाव कुठल्याच पुस्तकात मला सापडलं नाही.

जून १९९५ मध्ये तमिळनाडूच्या उत्तर अर्काट भागात भारतातली शेवटची साथ नोंदली गेली. पण ती शेवटची आहे हे तेव्हा कोणाला माहीत? इथे खरी परीक्षा होती. लस टोचलेल्या जनावराच्या रक्तात आणि रोगातून उठलेल्या जनावराच्या रक्तात दिसणारी प्रतिद्रव्यं सारखीच. म्हणजे टोचत राहिलात तर रोग गेला की नाही हे कळणारच नाही. कळायचं असेल तर लस बंद करा, न टोचलेली वासरं मोठी होऊ द्या आणि मग त्यांचं रक्त तपासा. विचार करा, चाळीस वर्षं ज्या सुईवर विसंबून राहिलो ती खाली ठेवायची आणि देशभरची गुरं उघडी सोडायची! सही करणाऱ्या अधिकाऱ्याला रात्री झोप लागली असेल का? टप्प्याटप्प्याने लस थांबली. बुळकांडी आली नाही. २००४ साली भारत रोगमुक्त आणि २००६ साली संसर्गमुक्त म्हणून मान्य झाला.

जगातही याच वाटेने काम गेलं. शेवटची गाठ पूर्व आफ्रिकेतल्या भटक्या पशुपालकांच्या मुलखात होती. तिथे रस्ते नाहीत, वीज नाही, लसीला बर्फ कुठून आणणार? जेफ्री मॅरिनर यांनी उष्णतेत टिकणारी लस केली, आणि ती टोचायला गुराख्यांनाच शिकवलं. आपलं गुरू कुठे चरतं आणि कुठल्या कळपात काय चाललं आहे, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? २००१ साली केनियातल्या मेरू अभयारण्यात रानम्हशींमध्ये शेवटचा संसर्ग सापडला. दहा वर्षं वाट पाहून २०११ मध्ये बुळकांडी जगातून गेल्याचं जाहीर झालं. प्लाउराइट त्याच्या आदल्याच वर्षी वारले.

मग लाळ्या-खुरकूत का जात नाही, असं माझ्या भावाने फोनवर विचारलं. त्याच्या गोठ्यात ती दोनदा येऊन गेली आहे. खरं सांगायचं तर बुळकांडी शत्रू म्हणून भयंकर पण साधी होती. तिचा एकच प्रकार, एक लस सगळीकडे चाले. उठलेलं जनावर जन्मभर सुरक्षित, ते रोग लपवून वाहत नसे. उन्हावाऱ्यात विषाणू फार टिकत नसे, जनावर जनावराच्या जवळ आलं तरच लागण. लाळ्या-खुरकुताचे प्रकार सात, आपल्याकडे त्यातले तीन फिरतात, लसीचा असर काही महिनेच, आणि बरं झालेलं जनावरही घशात विषाणू बाळगू शकतं. २०१९ पासून देशभर त्याचं लसीकरण चालू आहे, पण ही लढाई लांबलचक आहे.

डुकरांचं तर त्याहून कठीण. आफ्रिकन स्वाइन फीवर २०२० साली आसाम आणि अरुणाचलात शिरला, पुढच्या वर्षी मिझोरामला पोचला. त्यावर आपल्याकडे मी हे लिहिते तोवर लस नाही. कच्च्या किंवा अर्धवट शिजवलेल्या मांसातही हा विषाणू तगून राहतो, उकिरड्यावरचं खरकटं डुकराने खाल्लं की पुरे. लस नसली की उरतो तो लान्चिसींचा तीनशे वर्षांपूर्वीचाच उपाय: मारा, पुरा, वाहतूक थांबवा. मिझोराममध्ये घरटी दोन-चार डुकरं म्हणजे मुलांची फी आणि अडीनडीची बँक. ती मारायला पथक दारात येतं तेव्हा घरच्या बाईच्या हातावर भरपाई त्याच दिवशी पडली तर ती पुढच्या खेपेला स्वतः होऊन कळवील. महिनोन् महिने रखडली तर रातोरात डुक्कर विकून मोकळी होईल, आणि साथ पुढच्या शिवेत जाईल. मी तिच्या जागी असते तर काय केलं असतं, सांगता येत नाही.

असो. बुळकांडीच्या भावाचं, पीपीआरचं, २०३० पर्यंत जगातून उच्चाटन करायचं ठरलं आहे. आणि बुळकांडीचं? गुरांतून गेली तरी ती प्रयोगशाळांच्या बर्फात शिल्लक होती. इंग्लंडमधल्या पिरब्राइट संस्थेकडे तिचा फार मोठा साठा होता. २०१९ साली त्यांनी एकेका नमुन्याची जनुकं वाचून, लिहून ठेवली आणि मग कुप्या नष्ट केल्या. अजून मोजक्या देशांत, मोजक्या ठिकाणी, कुलपात थोड्या कुप्या आहेत.